फेरफार आधी, सातबारा नंतर

गिरगावात सेंट तेरेसा चर्चजवळ जगन्नाथ शंकरशेट मार्ग सोडून आत वळलं की खोताची वाडी लागते. लाकडी सज्जे, घराच्या बाहेरून चढणारे जिने, उतरती कौलं, आणि समोरून कुणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागेल अशा गल्ल्या. दादोबा वामन खोत यांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले आणि त्यांवर ही घरं उभी राहिली, अशी वाडीची हकिकत सांगतात. पूर्वी अशी ६५ च्या आसपास घरं होती, आता ३० सुद्धा उरलेली नाहीत. लोक इथे जुनी मुंबई बघायला येतात. पण या वाडीत ८० रुपयांचे वेफर्स घेऊन मोबाइलवरून पैसे दिले आणि गल्ल्यावरचा छोटा डबा ‘८० रुपये मिळाले’ असं मराठीत बोलला, की त्या दोन-चार सेकंदांत जे घडलेलं असतं ते गेल्या १५-२० वर्षांतल्या संगणकशास्त्राचं फळ असतं.

हा व्यवहार यूपीआयचा. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल २०१६ मध्ये मुंबईतच तो सुरू केला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याला १,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक, मधलं कॉर्पोरेशन आणि दोन्ही बाजूंची अ‍ॅप्स, एवढ्यांमध्ये निरोप फिरतात आणि ८० रुपये इकडून तिकडे जातात. इथवरचं बहुतेकांना ठाऊक असतं. त्यानंतरची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ८० रुपये गेले ही एकच घटना, पण ती कळायला हवी अशा जागा किती! डब्याला ती बोलून दाखवायची असते. ग्राहकाला एसएमएस जायचा असतो. दुकानदाराच्या दिवसाच्या बेरजेत ती पडायला हवी. गैरव्यवहार पकडणाऱ्या प्रोग्रॅमला हा फोन पाच मिनिटांपूर्वी दुसऱ्याच शहरात होता का, हे तपासायचं असतं. महिनाअखेरचा अहवाल, आयकराचा हिशेब, बंद पडत आलेल्या सर्व्हरवर नजर ठेवणारी यंत्रणा, या सगळ्यांना तीच घटना हवी असते आणि प्रत्येकाला आपापल्या गतीने हवी असते. डब्याला ती आत्ता हवी, अहवालाला रात्री चालेल.

प्रत्येक कंपनीची आतली मांडणी वेगळी असते. प्रश्न मात्र सगळ्यांसमोर सारखाच उभा राहतो. घटना निर्माण करणारे दहा प्रोग्रॅम आणि त्या वापरणारे दहा प्रोग्रॅम असतील आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट जोडायचं ठरवलं, तर शंभर जोडण्या होतात. त्यातली एक तुटली की मागचा अडकतो, तो अडकला की त्याच्या मागचा. नवा अकरावा वाचक आला की पुन्हा दहा ठिकाणी खोदकाम.

२०१० च्या सुमारास कॅलिफोर्नियात लिंक्डइनच्या कचेरीत नेमकी हीच अडचण होती. कुणी कुणाचं पान पाहिलं, कुणी काय शोधलं, कुठली जाहिरात दिसली, अशा घटनांचा लोंढा नेहमीच्या डेटाबेसच्या आवाक्याबाहेर गेला होता. तो रात्री गठ्ठ्याने हलवायच्या पद्धती होत्या, पण त्यात उशीर व्हायचा. हा प्रश्न तिघांनी अंगावर घेतला: जे क्रेप्स, जुन राव आणि नेहा नारखेडे.

नेहा नारखेडे पुण्याच्या. पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी या धनकवडीच्या महाविद्यालयातून त्यांनी संगणक अभियांत्रिकी केली, मग अमेरिकेत जॉर्जिया टेकमधून पदव्युत्तर शिक्षण घेतलं, काही काळ ओरॅकलमध्ये काम केलं आणि तिथून त्या लिंक्डइनमध्ये आल्या. मराठी वर्तमानपत्रांत त्यांचं नाव बहुतेक वेळा श्रीमंतांच्या यादीच्या बातमीत दिसतं. अमुक हजार कोटींच्या मालकीण, पुण्याची लेक, आणि बातमी संपली. मला हे फार खटकतं. पुण्यात शिकलेल्या एका मुलीचा हात ज्या शोधाला लागला, तो जगभरच्या बँका, विमान कंपन्या आणि दुकानं रोज वापरतात. तो शोध काय आहे हे आपल्या भाषेत नीट सांगितलं गेलं पाहिजे, आणि तो समजायला अवघडही नाही. निदान मराठी माणसाला तरी अवघड जाऊ नये, कारण त्याचा गाभा आपल्या तलाठी कचेरीत शंभराहून अधिक वर्षं आहे.

गिरगावातल्या कित्येक घरांचं मूळ गाव कोकणात असतं आणि गावच्या जमिनीचा सातबारा घरातल्या कपाटात असतो. सातबारा म्हणजे आजची स्थिती: ही जमीन कुणाच्या नावावर, किती क्षेत्र, बोजा कुठला, पीक काय. पण सातबारा आपोआप तयार होत नाही. त्याच्या मागे गाव नमुना सहा असतो, म्हणजे फेरफार नोंदवही. आजोबा गेले, वारस लागले, एक फेरफार. चुलत्यांनी वाटणी केली, दुसरा फेरफार. कर्ज काढलं, फिटलं, विहिरीकडचा तुकडा विकला, प्रत्येकाला पुढचा क्रमांक. चूक झाली तर जुनी नोंद खरवडून काढत नाहीत, दुरुस्तीचा नवा फेरफार पडतो. सातबाऱ्यावर गोलात जे आकडे दिसतात ते याच फेरफारांचे क्रमांक असतात.

आता समजा, सातबारा वाळवीने खाल्ला पण फेरफार शाबूत आहेत. पहिल्यापासून एकेक फेरफार क्रमाने वाचत गेलं तर सातबारा पुन्हा उभा करता येतो. उलट फक्त सातबारा हातात असेल तर १९६२ साली ती जमीन कुणाची होती आणि ती कोणत्या हक्काने पुढे गेली, हे त्यावरून सांगता येणार नाही. म्हणजे माहिती खरी असते फेरफारांत. सातबारा हा त्यांचा निष्कर्ष. कोर्टात वाद गेला की वकील आधी जुने फेरफार मागवतो, ते याचसाठी.

डेटाबेस बनवणाऱ्यांना हे १९७० च्या दशकापासून माहीत होतं. खात्यातली रक्कम बदलण्याआधी ‘अमुक बदल करत आहे’ अशी ओळ एका वेगळ्या फाइलीच्या शेवटी लिहायची आणि मग रक्कम बदलायची. वीज गेली तर उठल्यावर ती फाइल वाचून गाडी रुळावर आणायची. या फाइलीला लॉग म्हणतात. आयबीएममधले भारतीय संशोधक सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एरिस ही पद्धत मांडली आणि लॉगवरून डेटाबेस सावरण्याचं शास्त्र पक्कं केलं. पण लॉग राहिला डेटाबेसच्या पोटात. तो अपघातापुरता होता, बाहेरच्या कुणी तो वाचावा अशी कल्पना नव्हती.

क्रेप्स, नारखेडे आणि राव यांनी तो पोटातून बाहेर काढून मध्यभागी ठेवला. त्यांच्या यंत्रणेचं नाव काफ्का. ती लिहिण्याच्या कामात तरबेज असल्याने क्रेप्स यांनी आपल्या आवडत्या लेखकाचं नाव तिला दिलं. घटना निर्माण करणाऱ्या प्रत्येकाने ती काफ्काच्या वहीत शेवटी लिहायची, ज्याला हवी त्याने तिथून वाचायची. शंभर जोडण्यांच्या वीस झाल्या. हे ऐकायला इतकं साधं वाटतं की यात शोध तो काय, असं कुणालाही वाटेल. खरी बुद्धी त्यांनी काय काय करायचं नाही हे ठरवण्यात खर्च केली.

त्याआधीच्या निरोप-यंत्रणा प्रत्येक निरोपाची काळजी वाहत. हा कुणाला दिला, त्याने पोच दिली का, दिली असेल तर पुसून टाका, नसेल तर पुन्हा पाठवा. लाखो निरोप आणि शेकडो वाचक झाले की या हिशेबानेच सर्व्हर वाकायचा. काफ्काने हा हिशेब सर्व्हरकडून काढून घेतला. वहीतल्या प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो आणि ‘मी कुठवर वाचलं’ हे लक्षात ठेवायची जबाबदारी वाचकाची. सर्व्हर कुणी वाचलं म्हणून काही पुसत नाही. ठरलेली मुदत, समजा सात दिवस, झाली की जुनी पानं काढून टाकतो, मग ती कुणी वाचलेली असोत की नसोत.

या एका निर्णयातून किती गोष्टी सुटल्या ते पाहा. रात्रीचा अहवाल करणारा प्रोग्रॅम संथ असला तरी दुकानातल्या डब्याला त्याची झळ लागत नाही, कारण दोघं एकाच वहीत आपापल्या पानावर आहेत. उद्या नवा वाचक आला तर मागच्या कुणालाही हात न लावता तो पहिल्या शिल्लक पानापासून सुरुवात करतो. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती सोय म्हणजे मागे जाण्याची. गैरव्यवहार पकडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सोमवारी चूक शिरली आणि गुरुवारी लक्षात आली, तर चूक दुरुस्त करायची, त्याचा क्रमांक सोमवारच्या पानावर नेऊन ठेवायचा आणि ‘आता पुन्हा वाच’ म्हणायचं. जुन्या पद्धतीत ते निरोप वाचले त्याच क्षणी नाहीसे झालेले असत.

दुसरी हिंमत त्यांनी डिस्कच्या बाबतीत दाखवली. डिस्क संथ, म्हणून सगळं मेमरीत ठेवायचं, हा तेव्हाचा रूढ समज. पण डिस्क संथ असते ती इकडून तिकडे उड्या मारताना. फिरत्या डिस्कचा काटा नव्या जागी जायला काही मिलिसेकंद घेतो. एकापुढे एक सरळ लिहीत गेलं तर तीच डिस्क कितीतरी पट वेगाने चालते, आणि वहीत तर शेवटीच लिहायचं असतं. शिवाय नुकतंच लिहिलेलं पान ऑपरेटिंग सिस्टिमने मेमरीत आधीच धरून ठेवलेलं असतं. काफ्का ते आपल्या प्रोग्रॅममध्ये ओढून न घेता थेट नेटवर्ककडे सोडायला सांगतो, त्यामुळे मधल्या नकला वाचतात. २०११ मध्ये तिघांनी मिळून जो शोधनिबंध लिहिला त्यात २०० बाइटच्या १ कोटी निरोपांची चाचणी आहे. एकेक निरोप पाठवला तर सेकंदाला ५०,००० आणि पन्नासांचा गठ्ठा केला तर ४,००,००० निरोप एका मशीनवर लिहिले गेले. तेव्हा वापरात असलेल्या दुसऱ्या दोन यंत्रणा त्याच चाचणीत बऱ्याच मागे पडल्या.

तरी एक मशीन ते एकच मशीन. लोंढा वाढत गेला की तो एका मशीनवरच्या एका वहीत मावेनासा होतो. म्हणून एका वहीचे भाग करतात, त्यांना पार्टिशन म्हणतात, आणि ते वेगवेगळ्या मशीनवर ठेवतात. कुठली नोंद कुठल्या भागात जाईल हे एका किल्लीवरून ठरतं. दुकानाचा क्रमांक ही किल्ली धरली, तर खोताच्या वाडीतल्या त्या दुकानाचे सगळे व्यवहार कायम एकाच भागात पडतात, आणि भागाच्या आत क्रम पक्का असतो. आधी ८० रुपये आले, मग ते परत केले, ही दोन पावलं उलटी वाचली जाणार नाहीत.

पण या दुकानातला व्यवहार आधी झाला की लालबागच्या दुकानातला, हे विचारलं तर काफ्का उत्तर देण्याची हमी घेत नाही. वाचकाला ही उणीव वाटेल. मला वाटतं, हीच या मांडणीतली सर्वांत प्रौढ गोष्ट आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवून दिलं होतं की दूर दूर असलेल्या संगणकांना एकच खरं घड्याळ नसतं. प्रत्येकाचं घड्याळ थोडं पुढे-मागे असतं, निरोपाला वाटेत वेळ लागतो, आणि दोन घटनांचा एकमेकींशी संबंधच नसेल तर त्यांतली आधीची कुठली, हा प्रश्न पुष्कळदा निरर्थक ठरतो. संपूर्ण शहराचा एकच क्रम लावायचा हट्ट धरला तर सगळ्यांना एका दारातून जावं लागेल आणि वेग मातीमोल होईल. जिथे क्रमाला अर्थ आहे तिथेच तो राखायचा, बाकीचं मोकळं सोडायचं, हा काफ्काचा सौदा.

त्याच काळात दुसऱ्यांनी दुसरा सौदा केला होता. अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमो या यंत्रणेवरचा २००७ चा निबंध प्रसिद्ध आहे. तो लिहिणाऱ्यांत अविनाश लक्ष्मण आणि स्वामिनाथन शिवसुब्रमण्यन ही नावं आहेत. पुढे लक्ष्मण यांनी प्रशांत मलिक यांच्याबरोबर फेसबुकमध्ये कॅसांड्रा उभी केली. डायनॅमोचा आग्रह असा की ग्राहकाने टोपलीत वस्तू टाकली तर कुठलंही मशीन पडलेलं असो, ‘नाही’ म्हणायचं नाही. दोन मशीनवर दोन वेगळ्या टोपल्या झाल्या तर नंतर जुळवून घ्यायचं. त्यात कधी कधी काढून टाकलेली वस्तू टोपलीत परत उगवायची, हे त्यांनी निबंधातच मोकळेपणाने लिहिलं आहे. टोपलीला ते परवडतं. बँकेच्या खात्याला परवडत नाही.

पहिल्या काफ्कात एक मोठी उणीव होती: वहीची दुसरी प्रत नव्हती. मशीनची डिस्क कायमची गेली की त्यावरच्या न वाचलेल्या नोंदी गेल्या. पान कुणी पाहिलं याच्या नोंदी असतील तर हे चालून जातं, पैशांच्या नोंदी असतील तर नाही. २०१३ च्या ०.८ या आवृत्तीत प्रती आल्या आणि त्या कामात नारखेडे आघाडीवर होत्या. प्रत्येक भागाच्या सहसा तीन प्रती ठेवतात. एक प्रत पुढारी, लिहायचं तिच्यापाशीच. बाकीच्या तिच्यावरून उतरवून घेत राहतात. ज्या प्रती पुढारी प्रतीच्या बरोबरीने चालत आहेत त्यांची यादी ठेवलेली असते, मागे पडलेलीचं नाव यादीतून निघतं. पुढारी मशीन बंद पडलं तर यादीतली एखादी प्रत पुढारी होते. लिहिणारा ‘सगळ्या बरोबरीच्या प्रतींत उतरल्याशिवाय मला होकार देऊ नका’ असं सांगू शकतो. पैशांच्या कामात हेच सांगायचं असतं.

या तीन प्रती ठेवायच्या कुठे, हा प्रश्न मुंबईत पुस्तकी राहत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर थांबलं. १२ ऑक्टोबर २०२० ला वीजपुरवठा कोसळला आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. तीनही प्रती एकाच इमारतीत असतील तर अशा दिवशी त्या तीन नाहीत, एकच आहे. म्हणून अ‍ॅमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आपला क्लाउड विभाग सुरू केला तेव्हा त्यात एकमेकांपासून अंतर राखलेली, वेगळ्या विजेवर चालणारी दोन केंद्रं होती, पुढे तिसरं आलं. ऐरोली, रबाळे, महापे हा एके काळचा रासायनिक कारखान्यांचा पट्टा आज अशा माहिती-केंद्रांनी भरत चालला आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पैसे देण्याघेण्याची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश काढला, त्यानेही याला जोर आला. वाडीतल्या ८० रुपयांची नोंद देशाबाहेर साठवून ठेवता येत नाही.

प्रती असल्या तरी त्यांच्यामधली वाट तुटू शकते, आणि तेव्हा कुणीतरी कडू निर्णय घ्यावा लागतो. २४ फेब्रुवारी २०२१ ला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये हे घडलं. दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्यांत बिघाड झाला, जोखीम तपासणारी यंत्रणा उपलब्ध राहिली नाही, आणि सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबवण्यात आले. ते दुपारी पावणेचारला सुरू होऊन पाचपर्यंत चालले. दलालांचा संताप समजण्यासारखा होता. पण जोखीम न तपासता सौदे चालू ठेवणं त्याहून वाईट ठरलं असतं. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेला आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये गणिताने सिद्ध केलेला नियम हाच आहे: संगणकांमधली वाट तुटली की ‘चालू राहा’ आणि ‘अचूक राहा’ यांपैकी एकच पूर्णपणे पाळता येतं. काफ्कात हा निर्णय एका आकड्यात लिहून ठेवता येतो. बरोबरीच्या प्रती दोनपेक्षा कमी झाल्या तर नवी नोंद घेऊ नको, असं आधीच बजावता येतं. तो आकडा ठरवणारा अभियंता खरं तर धंद्याचाच निर्णय घेत असतो, आणि कित्येक कंपन्यांत वरिष्ठांना याची कल्पनाही नसते.

दोनदा पैसे कापले जाण्याची भीती हा आणखी एक जुना छळ. लिहिणाऱ्याने नोंद पाठवली, ती वहीत उतरली, पण होकार परत येताना वाटेत हरवला. लिहिणाऱ्याला वाटलं गेलीच नाही, त्याने पुन्हा पाठवली. आता वहीत ८० रुपये दोनदा. नोंद ‘नेमकी एकदाच’ उतरवणं अशक्य आहे, असं कित्येक जाणकार ठासून सांगत. २०१७ च्या ०.११ आवृत्तीत काफ्काने त्यावर उपाय आणला. प्रत्येक लिहिणाऱ्याला ओळख आणि त्याच्या प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक. तोच अनुक्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर ती नोंद वहीत घेत नाही, नुसता होकार देतो. नोंद तारेवरून दोनदा जाते, परिणाम एकदाच होतो. नारखेडे यांनी तेव्हा यावर सविस्तर लिहिलं आणि आक्षेप घेणाऱ्यांना उत्तरं दिली. ही हमी काफ्काच्या आवारापुरती आहे हेही लक्षात ठेवावं लागतं. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने स्वतःच दोनदा एसएमएस पाठवला तर वही काय करणार?

आवाका सांगायचा तर, एकट्या लिंक्डइनमध्ये २०१९ मध्ये काफ्कातून दिवसाला ७ लाख कोटी निरोप जात होते आणि त्यासाठी ४,००० हून अधिक सर्व्हर होते. आपल्या इथलंच उदाहरण हवं असेल तर लोअर परळमध्ये जावं. गिरण्यांच्या त्या भागात तेव्हा कचेरी असलेल्या हॉटस्टारवर जुलै २०१९ मध्ये भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना एकाच वेळी २.५३ कोटी लोक पाहत होते. प्रेक्षक प्रत्येक चौकाराला जे इमोजी पाठवायचे ते गोळा करण्यासाठी त्यांच्या अभियंत्यांनी मध्ये काफ्का ठेवला होता. लोंढा आधी वहीत उतरायचा आणि मागचे प्रोग्रॅम दोन-दोन सेकंदांच्या बेरजा करून तो पडद्यावर परत पाठवायचे.

लिंक्डइनने हे सगळं स्वतःजवळ ठेवलं नाही. २०११ मध्ये काफ्का खुला केला आणि अपाची फाउंडेशनकडे सोपवला. नागपूरच्या एखाद्या महाविद्यालयातली मुलगी आज रात्री तो उतरवून घेऊ शकते, आतली ओळन् ओळ वाचू शकते, चूक सापडली तर दुरुस्ती पाठवू शकते, आणि त्यासाठी तिला एक पैसा लागत नाही. तिघांनी २०१४ मध्ये कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली, ती जून २०२१ मध्ये नॅस्डॅकवर आली, आणि श्रीमंतांच्या यादीतली ती बातमी तिथून निघाली. संपत्ती आली ती उघड्यावर ठेवलेल्या शोधाच्या पाठीमागून, हे त्या बातम्यांत यायला हवं होतं.

काफ्का सगळीकडे घालावा असं मात्र नाही. दिवसाला काही हजार नोंदी असलेल्या पतपेढीला साधा डेटाबेस पुरतो, आणि तीन मशीनची वही सांभाळणं हे पगारी माणसाचं काम आहे. कुठलं मशीन पुढारी हे ठरवायला काफ्काला इतकी वर्षं झूकीपर नावाच्या दुसऱ्या यंत्रणेचा आधार लागायचा आणि रात्री-बेरात्री उठवणाऱ्या अडचणी बऱ्याचदा तिथूनच यायच्या. मार्च २०२५ च्या ४.० आवृत्तीत तो आधार पूर्ण काढून टाकला. काफ्का आता स्वतःबद्दलची माहितीही स्वतःच्याच एका लॉगमध्ये लिहितो.

न पुसण्याच्या तत्त्वापुढे आता एक नवी अडचण उभी आहे, आणि ती कायद्याची आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नागरिकाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला. पैशांच्या व्यवहारांच्या नोंदी इतर कायद्यांनुसार ठराविक काळ ठेवाव्याच लागतात, पण पत्ता, आवडीनिवडी, कुठे कुठे फिरलो याचा माग, हे सगळं त्या हक्कात येऊ शकतं. मग वहीच्या मधल्याच पानावरची एक ओळ काढायची कशी? काफ्कात एक सोय आहे: एकाच किल्लीच्या अनेक नोंदी असतील तर फक्त शेवटची ठेवायची आणि बाकीच्या यथावकाश काढायच्या. त्यात पुसायचं असेल तर त्या किल्लीची एक रिकामी नोंद शेवटी लिहितात, सफाई करणारा प्रोग्रॅम मागून येतो आणि जुन्या नोंदी व नंतर ती रिकामी नोंदही काढतो. दुसरा मार्ग असा की प्रत्येक माणसाची माहिती त्याच्या स्वतंत्र गुप्त चावीने कुलूपबंद करूनच वहीत लिहायची आणि त्याने पुसून मागितलं की ती चावी नष्ट करायची. ओळ तिथेच राहते, पण ती कुणालाही वाचता येत नाही. दोन्ही मार्गांत एक काम उरतंच. दहा वाचकांनी त्या वहीतून आपापले दहा सातबारे आधीच तयार करून ठेवलेले असतात, आणि प्रत्येकाकडे जाऊन ती ओळ तिथूनही काढली गेली की नाही, हे कुणाला तरी तपासावं लागतं.